फुग्याच्या खाली

"आक्का, फायनल मारली! घाटाचा राजा झालो!"

फोनवर हर्षलचं तोंड दिसलं. माझा धाकटा भाऊ. केसांत, भुवयांत, मिशीत नुसता गुलाल. मागे बैलगाडा शर्यतीच्या घाटावर डीजेचा दणदणाट चाललेला आणि कुणीतरी आमच्या पाखऱ्या बैलाच्या नावाने गळा फाडून ओरडतंय. मी ओपीडीतून जरा उठून चहा घेत होते. वाटलं, अभिनंदन करून फोन ठेवावा, बाहेर पेशंट बसलेत. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हा आडवा आहे.

"तू झोपलायस का रे?"

"काय नाय गं. सकाळच्या बारीला दुसऱ्याच्या बैलाचं शिंग लागलं जरा पोटाला. फुगा फुगलाय. हा बघ, हिरवा दिवा." त्याने फोन खाली वळवून छातीवर चिकटवलेली चकती दाखवली.

मी चहाचा कप खाली ठेवला. "सकाळच्या? हर्षल, सकाळच्या? आता ऊन उतरलं!"

"अगं, फायनल बाकी होती ना! मंगेशने हाकली माझ्याऐवजी. ॲम्ब्युलन्स घाटाच्या कडेलाच लावून घेतली, दार उघडं ठेवून. काय पळालाय पाखऱ्या, तू पाहायला हवं होतंस."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या नर्स दारात येऊन उभ्या राहिल्या एवढं सांगते. ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन द्यायला लावला आणि पुणं राहू दे, आधी माझ्या दवाखान्यात आण म्हणून दम भरला.

फुगा म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण पाठ असणं निराळं आणि कळणं निराळं, म्हणून सांगते. हृदयातून निघालेली महाधमनी पोटात मणक्याला चिकटून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. चांगली अंगठ्याएवढी जाड नळी. तिला किंवा तिच्या मोठ्या फाट्याला भोक पडलं की माणसाचं सगळं रक्त त्याच्याच पोटात सांडतं. आम्ही शिकत होतो तेव्हा असा पेशंट आला की पोट उघडायचं, एकाने सरळ आत हात घालून महाधमनी मणक्यावर दाबून धरायची आणि दुसऱ्याने त्या रक्ताच्या डबक्यात भोक शोधायचं. हे झालं टेबलापर्यंत पोहोचलेल्यांचं. बहुतेक जण वाटेतच जायचे.

मग फुगा आला. जांघेतून बारीक नळी घालून महाधमनीत एक घडी केलेला फुगा ठेवून द्यायचा. तो वर्षानुवर्षं गप पडून राहतो. रक्ताचा दाब एकदम ढासळला की तो जागा होतो, भोक कुठे आहे ते प्रवाहावरून ओळखतो, सरकत त्याच्या वर जाऊन बसतो आणि फुगतो. नळ बंद. वरच्या मेंदूला, हृदयाला रक्त मिळत राहतं. खाली मात्र काहीच नाही. म्हणजे फुगा जीव वाचवत नाही, आम्हाला तासभर मिळवून देतो. त्या तासात भोक शिवलं तर माणूस वाचला.

सुरुवातीचे फुगे फुगले की कमरेखाली असह्य कळा यायच्या. माणूस गुरासारखा ओरडायचा, त्याच्या ओरडण्याने घरचे पळायचे, ॲम्ब्युलन्स पळायची, आम्ही पळायचो. कंपनीला त्याची दया आली. नव्या फुग्यातून कमरेखालचा भाग बधिर करणारं औषध सुटतं. आता कळ नाही, ओरडणं नाही. वर छातीवर हिरवा दिवा. आणि तो दिवा ज्या मापावरून लागतो ते माप घेणारी चकती बसवलीय फुग्याच्या वरच्या बाजूला! तळमजला जळत असताना गच्चीवरच्या माणसाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारायचं, तसला प्रकार. मी हे कंपनीच्या माणसांना तीन परिषदांमध्ये तोंडावर सांगितलं. त्यांनी चहा पाजला.

बैलगाडा शर्यतीतल्या बहुतेक सगळ्यांनी फुगे बसवून घेतले होते. हर्षल टाळाटाळ करत होता, तर त्याच्या बायकोने, कल्याणीने, अबोला धरला आणि शेवटी त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. मीच बसवला त्याचा फुगा. तिचं चुकलं नव्हतं. फुगा नसता तर तो सकाळीच घाटात गेला असता.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो स्ट्रेचरवर अर्धवट बसून आमच्या वॉचमनला पाखऱ्याच्या शेवटच्या झेपेचं वर्णन करून सांगत होता. कल्याणीच्या हातात चांदीची ढाल. मंगेश थोरात, त्याचा लंगोटीयार, कपाळभर भंडारा लावून मागे उभा. तिघांच्याही चेहऱ्यावर लग्नाच्या वरातीतून आल्यासारखा आनंद होता. मी चादर वर केली.

पाय संगमरवरासारखे झाले होते, पांढऱ्यावर जांभळ्या रेघा. गार. पोटऱ्या दाबून पाहिल्या तर लाकूड. बोटांच्या नखांखाली काळं दिसायला लागलं होतं. पोटाला शिंगाची जखम डावीकडे खाली, जेमतेम दोन बोटांची, वर कुणीतरी स्वच्छ पट्टी लावलेली.

"गुदगुल्या करतेस का गं?" हर्षल हसत म्हणाला. "काय कळतच नाय बघ."

आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर मुजावर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. वीस वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, त्यांना काही सांगावं लागत नाही. त्यांनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते ऑपरेशनची तयारी करायला आत गेले.

तेवढ्यात हर्षलच्या छातीवरच्या चकतीतून आवाज आला. केंद्राचा आवाज. कंपनीचं केंद्र म्हणजे कुठल्याशा शहरातलं एक यंत्र, पण आवाज असा गोड की माहेरची मावशी बोलतेय असं वाटावं. "रुग्ण स्थिर आहे. पुण्यातील शस्त्रक्रियेची वेळ आरक्षित आहे. फुगा सोडण्याची शिफारस नाही."

"बघा ताई," कल्याणी म्हणाली. "स्थिर आहेत म्हणतंय. आपण पुण्यालाच नेऊ."

"कल्याणी, त्याचे पाय मेलेत."

"अहो, काय बोलताय! ते बोलतायत तुमच्याशी!"

रक्त तपासलं, अहवाल उत्तम आला. येणारच. ते हातातून काढलेलं रक्त, फुग्याच्या वरचं. खालचं सगळं विष खाली अडकून पडलंय. मेलेल्या स्नायूंतून सुटलेलं पोटॅशियम आणि आम्ल पायांत साठून बसलेलं. फुगा सोडला की ते सगळं एका दमात हृदयावर जाणार आणि हृदय थांबणार. हे केंद्रालाही ठाऊक. त्याच्या हिशेबाप्रमाणे सोडल्यावर माणूस मरण्याचा धोका जास्त असेल तर ते फुगा सोडत नाही. फुगायला कुणाची परवानगी लागत नाही, सुटायला मात्र केंद्राचा हुकूम लागतो. म्हणून उशीर झालेला माणूस असाच एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो, हिरवा दिवा लावून, गप्पा मारत. मग विष हळूहळू आडवाटांनी वर झिरपतं आणि तो जातो. त्याची नोंद "वाहतुकीदरम्यान" अशी होते.

एकच वाट होती. शिंगाने फाटलेला फाटा दुरुस्त करायचा, फुगा सोडायच्या आधी दोन्ही पाय मांडीतून काढायचे, म्हणजे विषाचा साठाच शरीराबाहेर जाईल, आणि मग फुगा फोडायचा. फुगा मूत्रपिंडांच्या खाली बसला होता हे नशीब. आतडी, यकृत, सगळं वाचलेलं होतं.

मी हे हर्षलला सांगितलं. बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि सरळ सांगितलं. असल्या गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत मला.

तो हसायचा थांबला. गुलालामुळे तोंडाचा रंग कळत नव्हता. "दोन्ही?"

"दोन्ही."

"पुण्याचे डॉक्टर वाचवणार नाहीत पाय?"

"पुण्याचे सोड, कुणीच नाही वाचवू शकत. आणि पुण्यापर्यंत तूही पोहोचशील की नाही याची मला खात्री नाही."

"पण मला काही होत नाय गं आक्का. भूक लागलीय मला."

मला रडू फुटलं. सर्जनने पेशंटसमोर रडू नये, मान्य आहे. पण तो माझा हर्षल होता, रडले. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. फुग्याच्या वरचा तो हात किती उबदार होता.

"तू म्हणतेस म्हणून," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कानफटात दिली असती. आण कागद."

कल्याणीने सही केली नाही. त्याने स्वतः केली, तो शुद्धीत होता. ती बाहेर मंगेशच्या खांद्यावर डोकं आपटून ओरडत होती, "त्यांना काही झालं नाहीये हो, काही झालं नाहीये!" आणि ते दारातून आत ऐकू येत होतं.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. पोट उघडलं, फाटलेला फाटा सापडला, दोन्ही टोकांना चिमटे लावून मध्ये कृत्रिम नळीचा तुकडा शिवला. मग पाय. माझ्याबरोबरच्या डॉक्टरांनी एक बाजू घेतली, मी एक. त्यानंतर मी डाव्या हाताने महाधमनी फुग्याच्या जरा वर मणक्यावर दाबून धरली आणि उजव्या हाताने बाहेरून सुई टोचून फुगा फोडला. आता हर्षलच्या शरीराचा नळ माझ्या बोटांत होता. बोटं अगदी किंचित सैल करायची, दोन ठोके जाऊ द्यायचे, पुन्हा दाबायची. मुजावर पडद्याकडे बघून सांगत राहिले, "थांबा. हं, थोडं. थांबा म्हणतो ना!" एकदा हृदयाची लय वेडीवाकडी झाली तेव्हा ते मोठ्याने अल्लाचं नाव घेऊन इंजेक्शन देत होते आणि मी जेजुरीच्या खंडोबाला हाका मारत होते, दोघांनाही त्याची लाज वाटली नाही. पुन्हा लय आली. माझी बोटं पूर्ण सुटली तेव्हा त्यांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की टाके घालायला दुसऱ्याला सांगावं लागलं.

हर्षल वाचला.

आणि तिथून माझे दिवस फिरले.

केंद्राचा अहवाल पंधरवड्यात आला, त्याची बातमीही झाली. "स्थिर रुग्णाचा फुगा अनधिकृतपणे निकामी करण्यात आला. त्याआधी दोन्ही पाय काढण्यात आले." प्रत्येक शब्द खरा होता. हिरवा दिवा, उत्तम रक्त, गप्पा मारणारा माणूस. मरण आलंच नाही, तर मी ते दाखवणार कुठून? चौकशी झाली, मी सुटले. गावाने सोडलं नाही. पारावर, डेअरीवर, सगळीकडे तेच. बहिणीनेच तोडला. घाई केली. पुण्याला नेला असता तर आज पळत असता.

कंपनीने पुढच्या फुग्यांना सुई शिरणार नाही असं जाळीचं अस्तर लावलं. "रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी", असं जाहिरातीत लिहिलं होतं.

हर्षल घरी गेल्यावर मी दर रविवारी जायचे. एका रविवारी तो ओसरीत चाकाच्या खुर्चीत बसून पाखऱ्याला कणकेचे गोळे भरवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, तेव्हा मी बोलत होतो ना?"

"हो."

"रक्त पण चांगलं होतं माझं?"

"हो. पण ते वरचं..."

"सांगितलंस तू. वरचं, खालचं. ऐकलंय मी." त्याने गोळा पाखऱ्याच्या तोंडापुढे धरला. "मला भूक लागली होती गं. मरायला टेकलेल्याला भूक लागते का?"

मी पुन्हा सगळं समजावलं. त्याने मान डोलावली, कल्याणीने चहा आणला, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊबीजेला मी ताट करून संध्याकाळपर्यंत बसले होते. तो आला नाही. त्याच्यानंतर त्याने माझा फोनही उचलला नाही. चिडले मी, शिव्या घातल्या, एकटीच घरात भांडी आपटली. माझ्या हातांनी ज्याचं हृदय चालू ठेवलं त्याला माझं तोंड नको होतं.

पुढच्या हंगामात घाटावर एक नवीनच प्रकार सुरू झाला. फुगा फुगलेल्यांसाठी वेगळा मंडप. गाद्या, पंखे, समोर शर्यत नीट दिसेल अशी जागा. भोंग्यावरून पुकारायचे, "हिरवा दिवा असलेल्या बंधूंनी उजवीकडच्या मंडपात विश्रांती घ्यावी, फायनलनंतर ॲम्ब्युलन्स निघेल." लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. मी तहसीलदारांपर्यंत जाऊन आले. ते म्हणाले, "मॅडम, केंद्राची मान्यता आहे." मंडपाच्या उद्घाटनाला हर्षलला बोलावलं होतं, फुग्याने वाचलेला म्हणून. त्याने माइक हातात घेऊन सांगितलं, "फुगा फुगला तर घाबरू नका. फक्त सरळ पुण्याला जा. मधे कुठे थांबू नका." मधे कुठे म्हणजे कुठे, हे तालुक्यात कुणाला सांगायला नको होतं.

चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी, दिवेलागणीला, माझ्या दवाखान्याच्या फाटकात ॲम्ब्युलन्स शिरली. मी बाहेर आले. मागचं दार उघडलं आणि आत चाकाच्या खुर्चीत हर्षल. कितीतरी महिन्यांनी मी त्याला एवढ्या जवळून पाहत होते. त्याच्या शेजारी स्ट्रेचरवर मंगेश.

"आक्का," हर्षल म्हणाला. आवाज चिरकला होता. "चाकणला गाड्या हलतच नव्हत्या. मागे फिरवली. पोट बघ त्याचं. दुपारी असं नव्हतं."

मंगेश उशीला टेकून बसला होता, अंगावर भंडारा उधळलेला, तोंड टवटवीत. "डॉक्टरताई, नमस्कार. हा उगाच घाबरलाय. दिवा बघा की माझा." मग हर्षलकडे वळून म्हणाला, "फायनल जिंकलो आपण, आणि तोंड बघ याचं."

मी त्याच्या पोटावर हात ठेवला. टम्म आणि दगडासारखं. खालच्या अर्ध्या अंगावर जांभळी जाळी, बरगड्यांच्या कडेपर्यंत चढलेली. शिंग वर लागलं होतं, म्हणून फुगाही वर बसला होता, छातीच्या पडद्याशी. आतडी, मूत्रपिंडं, यकृत, सगळं फुग्याच्या खाली. सकाळपासून.

मी हर्षलची खुर्ची ढकलत बाहेर व्हरांड्यात आणली.

"कधी लागलं?"

"पहिल्याच बारीला. मीच म्हटलं थांबू. मीच म्हटलं इथे नको." त्याने माझ्या साडीचा पदर मुठीत धरला, लहानपणी धरायचा तसा. "पाय घे त्याचे. दोन्ही घे, आक्का. मी समजावतो त्याला, माझं ऐकतो तो. आत्ता घे."

"पायांचं राहिलं नाही रे, हर्षल. पोटच गेलंय आतून. काढायचं काय आणि ठेवायचं काय?"

"पण बोलतोय तो!"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या मांड्यांकडे पाहिलं, जिथे त्या संपत होत्या तिथे. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडला. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. वर्षभर मला हेच हवं होतं, त्याने मानावं की मी खोटं बोलले नव्हते. अशा किमतीला नको होतं, देवा, अशा किमतीला नको होतं.

"किती वेळ आहे?" त्याने विचारलं.

"आजची रात्र निघणं कठीण. त्याला सांगायला हवं. घरच्यांना बोलवायला हवं. मी सांगते."

"नको. मी आणलंय त्याला इथवर. मीच सांगतो."

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि स्वतःच चाकं फिरवत आत गेला. आतापर्यंत मंगेशला खाटेवर घेतलं होतं. मी दारात थांबले. हर्षलने खुर्ची खाटेला लावली, तोंड उघडलं, पण त्याच्याने बोलवेना.

तेवढ्यात चकतीतून तो गोड आवाज आला. "रुग्ण स्थिर आहे. पुण्यातील वेळ उद्या सकाळची घेतली आहे. काळजी नसावी."

"ऐकलंस?" मंगेश म्हणाला. त्याने हर्षलच्या खांद्यावर थाप मारली. "स्थिर म्हणतंय. तू जेवून ये जा काहीतरी, सकाळपासून उपाशी आहेस."

हर्षलने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ऐकलं रे," तो म्हणाला. "बसतो मी इथेच. तू बोल."